वस्तूचा उत्तरार्ध

बाजारात एखादा जिन्नस हाती घेताना त्याचा भाव, वजन आणि टिकाऊपणा यांची आपण कसून चौकशी करतो. परंतु ज्या वेष्टनात तो मिळतो, ते उद्या कोणाच्या हाती जाणार, हा प्रश्न त्या क्षणी क्वचितच मनाला स्पर्श करतो. पुण्यात त्याचे उत्तर रोज सकाळी दाराशी येते. १९९३ साली येथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि २००८ मध्ये तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महानगरपालिकेने रीतसर करार केला, तेव्हा ज्या स्त्रिया उकिरड्यांतून भंगार वेचीत होत्या, त्यांना घरोघरचा कचरा उंबरठ्यावरूनच स्वीकारण्याचा अधिकार लाभला. प्लास्टिक व धातूचे पदर एकत्र चिकटवून केलेली चकचकीत पुडी त्यांच्या लेखी निरुपयोगी असते, कारण ते पदर विलग करणे दुष्कर असल्याने भंगारवाला तिला दमडीही देत नाही. कोरडा पुठ्ठा, पत्र्याचा डबा यांना मात्र मोल मिळते. म्हणजे दुकानातील आपल्या निवडीवर दुसऱ्या एका घरची चूल काही अंशी अवलंबून असते. २३ जून २०१८ पासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवरील बंदीचा अंमल सुरू झाला, हे उचितच. पण घरची कापडी पिशवी नेऊन डाळ-तांदूळ सुटे तोलून घेण्यास कोणत्याही सरकारी हुकुमाची आवश्यकता नाही. आणि वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून निराळे द्यावे, ही या भगिनींची विनंती तर आज सकाळीच पाळता येईल इतकी साधी आहे.