पात्यावरचे गाव

घडीचा चाकू विकत घेणाऱ्या मनुष्याला त्या चाकूविषयी जे सर्वांत महत्त्वाचे, ते दुकानात कधीच कळत नाही. मूठ शिंगाची आहे की लाकडाची, पात्यावरच्या खाचेत अंगठ्याचे नख नीट बसते की निसटते, पाते उघडताना कमान शेवटपर्यंत ताठ राहून खणखणीत वाजते की मध्येच सैल पडते, मिटलेले पाते मुठीच्या दोन्ही भिंतींपासून सारखे अंतर राखते की एका बाजूला घासते, एवढे तो गल्ल्यासमोर उभा राहून पाहू शकतो, आणि जाणते गिऱ्हाईक ते पाहतेही. परंतु पोलाद कोणत्या जातीचे, ते किती तापवून कशात विझवले, विझवल्यानंतर त्याचा ठिसूळपणा घालवण्यासाठी त्याला पुन्हा किती वेळ मंद आच दिली, थोडक्यात पात्याला पाणी कसे चढवले, हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांना समजत नाही आणि दुकानदारालाही बहुधा ठाऊक नसते. स्विस फौजी चाकूचे पाते कठीणपणाच्या रॉकवेल मापाने 56 च्या आसपास असते, चांगल्या जपानी पात्याचे 60 च्या. या चार अंशांचा अर्थ पहिले पाते लवकर बोथट होते पण सहज पाजवता येते आणि दुसरे पुष्कळ दिवस धार धरते पण हयगयीने वापरल्यास त्याचा टवका उडतो, असा आहे, आणि तो उमगायला काही महिन्यांची वहिवाट लागते.

विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात अशी ही जी दरी, तिच्यामुळे बाजारात चांगला मालच मागे हटतो, हे जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारगाड्यांच्या उदाहरणावरून दाखवले. चाकूच्या गिऱ्हाइकाने तीच अडचण फार पूर्वी आपल्या परीने सोडवली होती. मुलाचा स्वभाव एका भेटीत कळत नाही म्हणून वडीलधारी मंडळी घराणे विचारतात, तसा तो पात्याच्या बुडाशी उमटवलेला ठसा वाचतो आणि माल कुठला ते पाहतो. ही युक्ती निर्बुद्ध नाही, पण ती फसवी मात्र आहे. रॉबर्ट स्कूलर या अभ्यासकाने 1965 मध्ये ग्वाटेमालातील विद्यार्थ्यांपुढे एकाच प्रकारचा माल निरनिराळ्या शेजारी देशांच्या चिठ्ठ्या लावून ठेवला, तेव्हा चिठ्ठी बदलताच त्यांचे मत बदलले. वस्तू तीच होती. देशाच्या नावाने मिळणारा विश्वास त्या देशाने मिळवलेला क्वचितच असतो. तो एखाद्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळून कमावलेला असतो आणि देश तो मागाहून आपल्या नावे खर्ची टाकतो, असे माझे म्हणणे आहे.

इंग्लंडमधील शेफील्डचे उदाहरण या बाबतीत अव्वल. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने आपल्या कथेतील चक्कीवाल्याच्या मोज्यात शेफील्डचा चाकू खोचला, म्हणजे तेव्हाही गावाचे नाव घेतले की माल कसा हे वाचकाला निराळे सांगावे लागत नव्हते. भोवतालच्या टेकड्यांतून उतरणाऱ्या लहान लहान नद्या सहाणेची चाके फिरवीत, आणि चाकूकारांचे ठसे कोणाचे कोणते याची नोंद ठेवण्यासाठी 1624 मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने कारागिरांची पंचायत स्थापन झाली. ठशाच्या या सनदेत खरे मर्म आहे. वाईट पाते सापडले तर ते कोणत्या भट्टीतून निघाले हे शोधता येई, आणि ज्याचा ठसा त्याला जाब विचारता येई. जोसेफ रॉजर्स यांच्या घराण्याचे चिन्ह तारा आणि क्रूस हे होते. एकोणिसाव्या शतकात या कारखान्याचे चाकू जगभर गेले आणि बोरू तासण्याच्या काळातील हिंदुस्थानातही त्यांना मोठे गिऱ्हाईक होते. याच कारखान्याने 1822 मध्ये एक प्रचंड चाकू केला, त्यात पाती 1822, आणि पुढे दरसाल त्याला एकेक पाते जोडण्याचा संकल्प! व्यवहारात अशा वस्तूचा उपयोग शून्य. पण ज्याला जगापुढे आपल्या हाताची साक्ष द्यायची आहे त्याने आणखी काय करावे?

हा लौकिक आयता मिळवण्याचा मोह जर्मनीतील झोलिंगेन गावाला पडला. तेही जुने, तलवारी घडवणारे गाव. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील काही कारखानदारांनी हलक्या ओतीव लोखंडाच्या कात्र्या-चाकूंवर शेफील्डची छाप मारून माल विलायतेत आणि तिच्या वसाहतींत रवाना केला. फ्रान्झ रूलो या जर्मन यंत्रशास्त्रज्ञाने 1876 च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनातून आपल्याच देशबांधवांच्या मालाविषयी ‘स्वस्त आणि वाईट’ असा अभिप्राय कळवला होता, तेव्हा शेफील्डकरांची तक्रार केवळ मत्सराची नव्हती. त्यांच्या ओरडीचा परिणाम म्हणून 1887 साली ब्रिटिश पार्लमेंटने मालाच्या चिन्हांविषयी कायदा केला आणि दिशाभूल करू शकणाऱ्या परक्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे भाग पडले. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे अशी जन्माला आली, गिऱ्हाइकाने सावध व्हावे म्हणून दिलेला तो डाग होता. पुढे काय झाले हे प्रसिद्धच आहे. अवघ्या नऊ वर्षांनी, 1896 मध्ये, ई. ई. विल्यम्स नावाच्या इंग्रज लेखकाने हेच तीन शब्द मथळा करून एक पुस्तक लिहिले, त्यात तक्रार जर्मन माल वाईट असल्याची नव्हती, तो घरोघर शिरल्याची होती; आणि झोलिंगेनने पुढे 1938 मध्ये स्वतःच्या नावाला कायद्याचे कुंपण घालून घेतले, ज्यान्वये मालाच्या घडणीचे सर्व मुख्य टप्पे त्या मुलखात पार पडल्याखेरीज पात्यावर गावाचे नाव घालता येत नाही. काल दुसऱ्याचे नाव चोरणारे गाव आज आपल्या नावाच्या चोराला कोर्टात खेचते! इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे म्हणणाऱ्यांनी चाकूंचा इतिहास वाचलेला नसावा.

स्वित्झर्लंडची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. नव्या बंदुकीचे भाग खोलता यावेत आणि डबाही फोडता यावा म्हणून स्विस फौजेने शिपायासाठी घडीचा चाकू ठरवला, तेव्हा एवढा मोठा मक्ता पुरा करू शकेल असा कारखाना त्या देशात नव्हता, आणि पहिला भरणा झोलिंगेनहून आला. इबाख गावच्या कार्ल एल्झनर या चाकूकाराला हे खटकले. त्याने देशातील कारागिरांची जूट बांधली, 1891 मध्ये फौजेला स्वदेशी चाकू पुरवण्यास आरंभ केला, त्या खटाटोपात तो कर्जबाजारीही झाला, आणि 1897 मध्ये अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी करून त्यातून सावरला. ज्या वस्तूशी स्विस नाव आज सर्वांत घट्ट जोडलेले आहे, तिची पहिली खेप जर्मन होती.

जपानमधील सेकी हे शस्त्रकारांचे गाव. 1876 मध्ये सामुराईंना तलवार बाळगण्याची बंदी झाली आणि तलवारीला पाणी देणारे हात चाकू-कात्र्यांकडे वळले. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतरची कित्येक वर्षे जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू असाच जगाचा ग्रह होता. ‘यूएसए’ची छाप मारता यावी म्हणून जपान्यांनी एका गावाचे नाव उसा ठेवले, अशी कंडी अमेरिकेत पिकली होती, वास्तविक उसा हे गाव आणि तेथील देवस्थान शतकानुशतकांचे. उल्हासनगरच्या मालावरील याच तीन अक्षरांचा उलगडा ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा करणारा आपल्याकडचा विनोद याच जातीचा. सेकीचे कारागीर मात्र या काळात शिकत होते, आणि 1981 मध्ये अमेरिकेच्या कोलोरॅडो संस्थानातील स्पायडर्को कंपनीने आपला पहिला चाकू बाजारात आणला तो सेकीला घडवून. आज त्याच कंपनीच्या पात्यांवर ‘सेकी सिटी, जपान’ आणि ‘ताइचुंग, तैवान’ असे गावाचे नाव कोरलेले असते. घरच्या कारखान्याच्या मालावर तर ‘गोल्डन, कोलोरॅडो, यूएसए, अर्थ’ असा पृथ्वीपर्यंतचा पत्ता असतो. तिच्या स्वस्त चिनी चाकूवर मात्र निव्वळ ‘चायना’. गावाचे नाव ज्याला मिळाले त्याला कुळशील मिळाले. ज्याला मिळाले नाही तो केवळ एका देशाचा रहिवासी.

‘चिनी चाकू नको’ असे आज अमेरिकेतला गिऱ्हाईक म्हणतो आणि आपल्याकडचाही म्हणतो, त्यात तीन निरनिराळी कारणे एकाच गाठोड्यात बांधलेली असतात, आणि ती सोडवून पाहिल्याशिवाय या विषयावर बोलण्यात हशील नाही. पहिली शंका कर्तबगारीविषयी: यांना चांगला चाकू करता येत नाही. ही शंका आता कालबाह्य आहे. ग्वांगतुंग प्रांतातील यांगजियांग हे चाकू-कात्र्यांचे मोठे केंद्र. तेथील उत्तम कारखान्यांचे चाकू घडणीच्या नेटकेपणात अमेरिकन चाकूंच्या तोडीचे असतात आणि किंमतही तशीच घेतात. अशा एखाद्या चाकूचे पोलाद ऑस्ट्रियातले, रेखाटन अमेरिकन माणसाचे आणि घडण यांगजियांगची असते, मग तो कोणत्या देशाचा म्हणावा हे जकात अधिकाऱ्याने ठरवावे.

दुसरी शंका दानतीविषयी, आणि ती इतक्या सहज झटकता येत नाही. दुसऱ्याच्या रेखाटनाची हुबेहूब नक्कल करणारे, बनावट ठसा मारून अस्सलाच्या भावात माल विकणारे, किंवा पोलादाचे एक नाव सांगून दुसरेच वापरणारे कारखाने त्या देशात आहेत. प्रामाणिक कारखानेही आहेत. पण पात्यावर केवळ देशाचे नाव असल्याने दोघांची पत एकाच खात्यात जमा होते. वाईट पैसा चांगल्याला हुसकतो तशातला हा प्रकार, आणि त्यावर उपाय प्रामाणिकांनी आपले नाव आणि गाव मोठ्या अक्षरांत लिहिणे हाच. यांगजियांगचे काही कारखाने आपल्या नावाने चाकू विकू लागले आहेत ते याच समजुतीने.

तिसरे कारण अविश्वासाचे नाहीच, ते निष्ठेचे आहे. न्यूयॉर्क संस्थानातील एलनव्हिल येथला श्रेड चाकूंचा कारखाना 2004 मध्ये बंद पडला, नाव विकले गेले आणि तेच नाव चिनी चाकूंवर झळकू लागले. ज्या गावाची रोजी गेली तेथील मनुष्याने तो चाकू नाकारला तर त्याला पोलादाची प्रत समजावून सांगण्यात काय अर्थ? हे आपल्याला तरी निराळे सांगावे लागू नये. 1905 मध्ये पुण्यात सावरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विलायती कापडाची होळी केली, ती मँचेस्टरचे कापड लवकर विरते म्हणून नव्हे. गलवानच्या चकमकीनंतर 2020 मध्ये बहिष्काराची जी हाक उठली तीही मालाच्या प्रतीविषयी नव्हती. निष्ठेने नाकारावे, अवश्य नाकारावे; पण निष्ठेच्या निर्णयाला परीक्षेचा आव आणू नये, कारण तसे केल्याने परीक्षा करण्याची सवयच जाते.

गावाच्या नावाला तटबंदी नसली तर काय होते, हे फ्रान्समधील लागिओलला विचारावे. ओब्राकच्या पठारावरील हे छोटे खेडे. तेथल्या चाकूच्या कमानीवर मधमाशीची आकृती असते. परंतु बराच काळ त्यातील बहुसंख्य चाकू तिएर या दुसऱ्या गावी घडत, पुढे आशियातही घडू लागले, आणि 1993 मध्ये एका बाहेरच्या व्यापाऱ्याने लागिओल हे नाव नाना प्रकारच्या मालासाठी आपल्या नावे नोंदवून टाकले. गाव कोर्टात गेले आणि प्रथम हरले. 2012 मध्ये गावकऱ्यांनी निषेध म्हणून वेशीवरची गावाच्या नावाची पाटीच काढून टाकली. फ्रान्समध्ये शेतमालाबाहेरच्या, हातच्या वस्तूंना भौगोलिक नावाचे संरक्षण देणारा कायदा 2014 मध्ये आला. नावाला वारस नसला की ते गायरान होते, हे कळायला तेथील सरकारला वीस वर्षे लागली.

आपल्या देशात अशी नावे नाहीत असे नाही. रामपूरच्या चाकूने तर हिंदी चित्रपटांत नटांच्या बरोबरीने काम केले. पण त्याची कीर्ती खुनशीपणाची झाली, उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी घातली, धंदा बसला, आणि कारागीर विखुरल्यावर 2023 मध्ये त्या शहरात 6 मीटरांहून लांब चाकूचा पुतळा उभा राहिला. मीरतच्या कात्रीला 2013 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, ही जमेची बाजू. आवेष्टित मालाविषयीच्या 2011 च्या नियमांनुसार आयात वस्तूच्या वेष्टनावर देशाचे नाव घालावेच लागते. पण वेष्टन फेकले जाते आणि पाते राहते, आणि देशी चाकूच्या पात्यावर बहुधा काहीच नसते, ना गाव, ना कारागीर, ना पोलादाची जात. माल वाईट निघाला तर जाब विचारायचा कोणाला?

म्हणून चाकू घ्यायला जाल तेव्हा ‘कोणत्या देशाचा’ एवढे विचारून थांबू नका. कोणत्या गावचा, कोणाच्या हातचा, पोलाद कोणते आणि नादुरुस्त झाला तर परत कोण घेईल, हे विचारा. आणि दुकानदार उत्तर देऊ शकला नाही तर, तो चाकू स्विस असो, चिनी असो की आपल्याच तालुक्याचा, पैसे खिशातच ठेवा.