मान घासू नकोस, रक्त तपासून घे

अमरावती
माघ वद्य पंचमी

चि. सोनूस,


तुझी आई परवा फोनवर सांगत होती की साखरपुडा झाल्यापासून तू भाकर सोडलीस. सकाळी गाजर-बीटाचा रस, दुपारी काकडी, रात्री पेलाभर दूध, आणि मधल्या वेळात तग धरायला चहा. वैशाखात लग्न आहे, तोवर चेहरा उजळायला हवा म्हणून हे सगळं. शिवाय अंघोळीच्या वेळी मान बेसन-लिंबाने लाल होईस्तोवर घासतेस, असंही कळलं. फोनवर तू नुसती ‘हो मावशी’ म्हणाली असतीस, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी रंगाचं. कातडीचा रंग मेलॅनिनमुळे येतो, आणि ते किती तयार व्हायचं हे आईबापांकडून ठरून येतं. केशराचं दूध पिऊन पोटातलं बाळ गोरं होत नाही आणि बीट खाऊन गाल गुलाबी होत नाहीत. तुमच्या अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो. त्या उन्हात हेच मेलॅनिन तुझ्या कातडीची राखण करतं. सावळेपणा घालवण्यासाठी जेवण सोडणाऱ्या मुली मी शाळेत वर्षानुवर्षं पाहिल्या. रंग एकीचाही बदलला नाही, चेहरे मात्र उतरले.

अन्नाने फरक पडतो तो तजेल्यात, केसांत, पुटकुळ्यांत आणि कातडीच्या पोतात. तो फरक मोठा असतो, म्हणून त्याकडे नीट लक्ष दे.

तुझ्या मानेचंच घे. आरशात बघ आणि बोट फिरवून बघ. काळेपणा नुसता रंगाचा आहे, की तिथली कातडी जाडसर, मखमलीसारखी लागते आणि बारीक घड्या दिसतात? काखेतही तसंच आहे का? असेल तर तो मळ नाही आणि चेनचा डागही नाही. डॉक्टर त्याला अकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढत जातं आणि त्याच्या जोराने मानेवरच्या, काखेतल्या पेशी भराभर वाढतात. मधुमेह पुढे दाराशी येण्याची ती खूण असू शकते. पाळी पुढे-मागे होणं, हनुवटीवर राठ केस, काही केल्या न जाणाऱ्या पुटकुळ्या हे जोडीला असेल तर डॉक्टरांना सगळं एकत्र सांग. वेगवेगळं सांगितलं की वेगवेगळी मलमं मिळतात. घासल्याने कातडी सोलते आणि आणखी काळी पडते. लिंबू लावून उन्हात गेलीस तर भाजल्यासारखे चट्टे उठतात, ते वेगळंच. वजन थोडं उतरलं, रोजचं चालणं सुरू झालं, साखर-मैदा कमी झाला, की मान हळूहळू आपोआप निवळते.

दुसरं रक्ताचं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे लग्नाच्या मांडवात बसलेल्या दोघींपैकी एकीच्या. ओठ फिके, डोळ्यांखाली काळं, ओठांचे कोपरे चिरलेले, नखं ठिसूळ, जिना चढताना धाप. यावर पावडर काय करणार? हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या घे, आणि जेवणाला लागून चहा पिणं आजपासून बंद कर. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह शरीराला नीट घेऊ देत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं तरी अंतर ठेव. उलट भाजीवर लिंबू पिळलंस, जेवणानंतर संत्रं खाल्लंस, तर तेच लोह जास्त लागू पडतं. आत्ता वरुड-मोर्शीकडच्या संत्र्यांचा मृग बहार बाजारात आहे. रस काढू नकोस, फोडी खा. चोथाही पोटात जाऊ दे. साली वाळवून चेहऱ्याला चोळायच्या भानगडीत पडू नकोस, चरचरतं.

आता भाकरीचं. वऱ्हाडात राहून ज्वारीशी वैर करू नकोस, पण ज्वारी एकटीही खाऊ नये. दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांच्या गळ्याभोवती, हातांवर, जिथे जिथे ऊन लागतं तिथे काळे खरखरीत चट्टे उठायचे. तो पेलाग्रा. डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये हैदराबादेतल्या अभ्यासावरून त्याचा संबंध ज्वारीतल्या जादा ल्युसीनशी जोडला. त्यामुळे शरीरात नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडतं असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते कमी पडलं की कातडी अशी बोलते. आपल्या आज्या भाकरीबरोबर तुरीचं वरण, चून, ताक, शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी वाढायच्या, त्यात ही उणीव भरून निघत असे. तेच ताट मांड: भाकर, घट्ट वरण, अंबाडीची नाहीतर चिवळीची भाजी, कांदा, वर सांभार (कोथिंबीर). काकडीवर काढलेल्या दिवसांत प्रथिनं कुठून येतील? आणि उपाशी राहिल्याचे केस लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. हिशेब कर, ऐन वैशाखात.

पुटकुळ्यांसाठी तू तिखट-तेलकट सोडलंस, त्याला फारसा आधार नाही. खाल्लेलं तेल चेहऱ्यावर येत नाही. दोष सापडतो तो झटकन साखर वाढवणाऱ्या पदार्थांत. मेलबर्नमध्ये २००७ साली १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर बारा आठवडे प्रयोग झाला. असे पदार्थ कमी करून प्रथिनं आणि साखर हळू वाढवणाऱ्या पदार्थांकडे वळलेल्यांच्या पुटकुळ्या जास्त कमी झाल्या. दुधाचाही काहींना त्रास होतो, तेव्हा रात्रीचा पेला महिनाभर बंद करून बघ. गिलावडा, कचोरी कधीमधी खा, मी स्वतः खाते. रोज संध्याकाळी जेवणाऐवजी चहा-बिस्किटं मात्र नको.

पाणी तहान भागेल इतकं, उन्हात त्याहून जास्त पी. लिटरं मोजून पिण्याने कातडी चमकत नाही. तुमच्याकडे बोअर आहे आणि पूर्णेकाठचा सगळा पट्टा खारपाणाचा. काटेपूर्णेचं नळाचं पाणी येतं तेव्हा डोकं त्याच पाण्याने धू. खाऱ्या पाण्यात साबण नीट निघत नाही आणि कातडी ओढल्यासारखी होते.

एक गोष्ट आईजवळ बोलले नाही, तुला सांगते. साखरपुड्यात जावईबापूंच्या खिशात खर्ऱ्याची पुडी दिसली. त्यातल्या सुपारीने तोंडाच्या आतली कातडी ताठ होते, पुढे दोन बोटंही तोंडात जात नाहीत, आणि कॅन्सरचा रस्ता तिथूनच जातो. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण खर्रा कोपऱ्याकोपऱ्यावर घोटून मिळतो. लाजू नकोस, लग्नाआधीच स्पष्ट बोल. तुझ्या रंगाची चर्चा दोन्ही घरांत झाली. त्यांच्या तोंडाची व्हायला हवी होती.

सोमवारी उपाशीपोटी जाऊन हिमोग्लोबिन, साखर आणि एचबीए१सी करून घे. रिपोर्ट आला की त्याचाच फोटो मला पाठव, चेहऱ्याचा नको. आणि आज रात्री भाकर खा.

तुझी,
मावशी