नवकलेवर आणि चेसिस नंबर

लांब पल्ल्याच्या आणि खडतर वाटांच्या प्रवासासाठी घडवलेली, ‘अॅडव्हेंचर टूरर’ या वर्गात मोडणारी मोटारसायकल सात-आठ वर्षे वापरून झाली, की आहे तीच गाडी सुधारून घ्यावी की नवी घ्यावी, असा प्रश्न मालकापुढे उभा राहतो. तो वरकरणी खर्चाचा असला, तरी त्यातील ‘तीच’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर गॅरेजमध्ये मिळत नाही. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ हे याचे हाताशी असलेले उदाहरण होय. २०१६ मध्ये कार्ब्युरेटरसह बाजारात आलेल्या या गाडीला २०१७ मध्ये बीएस-४ या प्रदूषण-नियमांमुळे फ्युएल इंजेक्शन मिळाले, आणि २०२३ च्या अखेरीस पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची नवी हिमालयन आल्यावर ती जुनी ठरली. अशा गाडीचा मागचा मोनोशॉक बदलतात, हँडल उंच करणारे रायझर लावतात, इंजिनाखाली दगडांचा मार झेलणारी बॅश प्लेट बसवतात, ट्यूबच्या रिमऐवजी ट्यूबलेस रिम घालतात. यांपैकी कितव्या बदलानंतर ती मूळची गाडी राहत नाही, हे सांगणे दिसते तितके सोपे नाही.

पाश्चात्त्य परंपरेत हा प्रश्न प्लुटार्कने नोंदवलेल्या थीसियसच्या जहाजापासून चर्चेत आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपताना कुजलेली फळी काढून तिथे नवी बसवण्याचा क्रम चालवला आणि शेवटी ते तेच जहाज राहिले का, यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने त्यात भर घातली, की काढलेल्या जुन्या फळ्या कोणी साठवून त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर खरे जहाज कोणते म्हणायचे? मूळ सायलेन्सर आणि मूळ शॉक कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवणाऱ्या, गाडी विकताना ते परत चढवू पाहणाऱ्या मालकाच्या घरी हॉब्जची ही शंका अर्धीमुर्धी साकार झालेली असते. मात्र जहाजाच्या दृष्टान्तात फळीच्या जागी तशीच फळी येते, तर येथे फळीच्या जागी वेगळ्या गुणाची वस्तू येते. म्हणून गाडीच्या बाबतीत, टिकले काय, याच्या जोडीला, झाले काय, हाही प्रश्न निर्माण होतो.

भारतीय दर्शनांनी रथ आणि वस्त्र हे दृष्टान्त घेऊन याचा विचार अधिक बारकाईने केला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन यवन, म्हणजे ग्रीक, राजा मिलिंदाला विचारतो, की आस हा रथ आहे का, चाके हा रथ आहे का, आणि सर्वांना नकार आल्यावर ‘रथ’ हे अवयवांच्या आधाराने चालणारे व्यवहारापुरते नाव आहे, असा निष्कर्ष निघतो. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांपासून बनलेली अखंड वस्तू, अवयवांहून वेगळी आणि खरी असते व ती समवाय या नित्य संबंधाने अवयवांत राहते. पण या भूमिकेची किंमतही त्यांनी प्रामाणिकपणे मोजली: वस्त्रातून एक तंतू काढला तरी पहिले वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या तंतूंपासून ‘खंडपट’ नावाचे दुसरे वस्त्र उत्पन्न होते, असे त्यांना म्हणावे लागले. मग ‘हे तेच’ अशी ओळख, जिला प्रत्यभिज्ञा म्हणतात, ती कशामुळे होते? दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही सारखेपणामुळे तीच वाटते, तशी.

हा काथ्याकूट वाटत असेल, तर गाडीचा कोनसेट उघडलेला पाहावा. हँडलचा दांडा ज्या छर्‍यांवर फिरतो, त्यांच्या वाट्यांना खड्ड्यांचा मार बसून बारीक खाचा पडतात, छर्रे त्या खाचांत बसू लागतात, आणि हँडल सरळ आणताना मधोमध किंचित अडकल्यासारखे होते. मिस्त्री जुन्या वाट्या ठोकून काढतो आणि छर्‍यांऐवजी निमुळत्या रोलरची बेअरिंग बसवतो. बदललेला भाग मुठीत मावेल एवढाच असतो, पण गाडीचे वळणे, डुलणे, सरळ धावणे असे चालवणार्‍याच्या हातांना कळणारे सगळे बदलते. नैयायिकांचा खंडपट येथे तळहाताला जाणवतो. आणि तरीही गाडी परत नेणारा माणूस ‘माझी गाडी झाली का?’ असेच विचारतो.

कायद्याने या वादातून स्वतःपुरती वाट काढली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लावले. परवानगीने इंजिन बदलता येते व त्याची नोंद आरसी बुकात होते. सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरला मात्र हात लावता येत नाही. थोडक्यात, परवानगीने बाकी भाग बदलले तरी जी बदलायची नाही, अशी एक वस्तू कायद्याने गाडीच्या पोटात ठेवली आहे.

याला धर्मक्षेत्रात विलक्षण साम्य सापडते. पुरीच्या जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती ठरावीक अधिक आषाढाच्या वर्षी बदलल्या जातात. या नवकलेवर विधीत दैतापती सेवक रात्री, डोळे बांधून आणि हात कापडाने झाकून, जुन्या मूर्तीतील, तिचे सारतत्त्व मानला जाणारा ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतात आणि जुन्या मूर्तींना कोइली वैकुंठात भूमिसमाधी दिली जाते. १९९६ नंतर हा विधी २०१५ मध्ये झाला. त्याच वर्षी कोल्हापुरात अंबाबाईच्या झिजलेल्या मूर्तीवर संवर्धनाची रासायनिक प्रक्रिया करण्यात आली. देह बदलून तत्त्व टिकवणे आणि देहच राखणे, या दोन्ही वाटा श्रद्धेला मान्य आहेत.

तथापि चेसिस नंबरला ब्रह्मपदार्थ मानणे अपुरे ठरते, कारण तो गाडी कोणाची हे सांगतो, ती काय आहे हे सांगत नाही. धर्मकीर्ती या बौद्ध आचार्याने अर्थक्रिया, म्हणजे आपले कार्य घडवून आणण्याचे सामर्थ्य, हे वस्तूच्या खरेपणाचे लक्षण मानले. त्याने क्षणभंगवादाच्या, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणभरच टिकते या मताच्या, बाजूने वापरलेले हे लक्षण येथे उसने घेतल्यास तो रागावेल, पण ते उपयोगी पडते. जेमतेम चोवीस अश्वशक्तीचे, कमी फेर्‍यांतच जोर देणारे इंजिन, २१ इंचांचे पुढचे चाक, वाटेवरच्या पंक्चरवाल्यालाही ठिगळ लावता येईल अशी ट्यूब, ही या गाडीची अर्थक्रिया आहे: खारदुंग-लाच्या ५,३०० मीटरहून अधिक उंचीवर ती सावकाश पोचते आणि वाटेत बिघडली तर तिथल्या तिथे दुरुस्त होते. कोनसेट, शॉक किंवा बॅश प्लेट या बदलांनी हेच सामर्थ्य वाढते, म्हणून ते गाडीला तिच्या स्वरूपाकडे नेतात. सिलिंडर मोठा करून तिला महामार्गावर पळवू पाहणारा बदल मात्र तिच्याकडून दुसर्‍या गाडीचे काम मागतो. तेव्हा नंबर तोच राहतो आणि गाडी बदलते. ट्यूबलेस रिमचा निवाडा अवघड आहे, कारण चाक न काढता पंक्चर निघण्याची सोय खरी असली, तरी दगडावर रिमची कड वाकली की हवा धरत नाही. तिथे तो मालकाच्या नेहमीच्या रस्त्यावरच सोडावा लागतो.

कायद्याला मात्र शेवटपर्यंत नंबरच ओळखीचा राहतो. अशी गाडी भंगारात निघते तेव्हा तिचे इंजिन, चाके, हौसेने बसवलेला शॉक यांची वाट कशीही लागो, चेसिस नंबर कोरलेला लोखंडाचा तुकडा तेवढा सांगाड्यातून कापून वेगळा काढला जातो.