श्वेतकेतूचा उपवास

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला पंधरा दिवस उपाशी राहायला सांगतो. पाणी मात्र हवे तेवढे प्यायचे. त्यानंतर वेद म्हणून दाखव म्हटल्यावर श्वेतकेतूला काही आठवेना. बारा वर्षे गुरुगृही राहून केलेले पाठांतर पार गेले होते. मग तो जेवला आणि सगळे पुन्हा आठवू लागले. मन अन्नावर चालते, हे बापाने मुलाला असे पटवले. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसात ‘ते माणूस’ उरते का, या प्रश्नाचा विचार इथूनच सुरू करावा असे मला वाटते. कारण आत्म्याचा शोध घेणाऱ्या या ग्रंथाने स्मृती मात्र अन्नाच्याच पदरात टाकली आहे.

आजचे मेंदूविज्ञान याला आपल्या परीने दुजोरा देते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण स्वस्थ बसलेल्या शरीराच्या ऊर्जेपैकी जवळजवळ 20 टक्के तो एकटा खर्च करतो, आणि त्याचे मुख्य इंधन ग्लुकोज. अल्झायमरमध्ये हा खर्च घटतो. किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचून पेट स्कॅन काढला, की मेंदूच्या मागच्या बाजूचा आतला भाग आणि कानशिलाच्या वरचा-मागचा भाग मंदावलेला दिसतो. स्पर्श आणि हालचाल सांभाळणारे भाग त्या मानाने बराच काळ शाबूत राहतात. श्वेतकेतूशी असलेले साम्य मात्र इथे संपते. या रुग्णाच्या रक्तात साखर असते, पण मेंदूच्या पेशी आणि त्यांच्या तुटत चाललेल्या जोडण्या ती पुरेशी वापरत नाहीत. म्हणून जेवू घालून आठवणी परत येत नाहीत. ही ऊर्जेची टंचाई आजाराचे कारण किती आणि परिणाम किती, यावर संशोधकांत अजून एकमत नाही. पण आठवण ही शरीराने सतत इंधन जाळून चालू ठेवलेली क्रिया आहे, याबद्दल शंका उरत नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1694 साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत मांडले, की जिथवर माणसाची जाणीव आपल्या गतकाळापर्यंत पोचते, तिथवर तो तोच. हे मानले तर मुलीचे नाव विसरलेली आई आता ‘ती’ नाही. मला हे पटत नाही. आयोवा विद्यापीठात 2014 साली अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने काय पाहिले ते त्यांना फारसे सांगता येईना, पण त्यातून आलेले दुःख किंवा आनंद टिकून होता. प्रसंग गेला, त्याची झळ राहिली. ज्याला ती झळ लागली, तो कोणीतरी तिथे आहेच.

यावर जडवादी चार्वाकाच्या बाजूने आक्षेप येईल: भावनाही मेंदूतलीच, आजार वाढला की तीही जाईल, मग काय उरले? आक्षेप खरा आहे. पेट स्कॅनमधून अमर आत्मा सिद्ध होत नाही, आणि तसा दावा करणाऱ्याने विज्ञान आणि वेदान्त या दोन्हींशी अप्रामाणिकपणा केला असे मी म्हणेन. माझे म्हणणे एवढेच, की स्मृती हे माणूसपण मोजायचे माप नव्हे. गाढ झोपेत आठवण नसते, तान्ह्या बाळाला भूतकाळ नसतो. त्यांना आपण वजा करत नाही. वेद विसरलेल्या श्वेतकेतूशीही उद्दालक मुलगा म्हणूनच बोलला. दुसरा आक्षेप घरच्यांचा आहे आणि तो जास्त दुखरा आहे: “आमचे बाबा कधीच गेले, हे दुसरेच कोणी आहेत.” या शोकाला उत्तर देण्याचा अधिकार तत्त्वज्ञानाला नाही. नाते ज्या आठवणींवर उभे होते त्यांचा एक वाटेकरी हरवला, हे नुकसान खरेच आहे. पण बाबा आपल्याला ओळखत नाहीत म्हणून बाबा नाहीत, असे त्यातून निघत नाही.

म्हणून एक विनंती. रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून “आता यांना काही कळत नाही” असे बोलू नका. शब्द त्यांच्या लक्षात राहणार नाहीत. लागलेले मात्र राहू शकते.