मूळ प्रत आणि तिचे विश्वस्त

डिजिटल छायाचित्रें सुधारण्यासाठीं व नीट लावून ठेवण्यासाठीं कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें, हा प्रश्न दुकानदाराला विचारण्याचा आहे असें आपण सहज धरून चालतों. किंमत किती, वेग किती, शिकावयास किती दिवस लागतील, एवढें कळलें कीं निवड झाली. लेखणी कोणती घ्यावी याचा नीतीशीं जसा संबंध नाहीं, तसा याचाही नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु ही उपमा फसवी आहे. लेखणी मोडली म्हणून लिहिलेलें पुसलें जात नाहीं. छायाचित्रांच्या सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी. मूळ चित्राचें काय करावयाचें, आणि त्या चित्राविषयीं आपल्याला असलेली माहिती कोठें ठेवावयाची, या दोन्ही गोष्टी त्यानें आपल्या वतीनें अगोदरच ठरविलेल्या असतात. म्हणून त्याची निवड करतांना, कळत वा नकळत, आपण सत्याविषयीं व स्मृतीविषयीं एक भूमिका स्वीकारीत असतों. ती कोणती असावी, याचा येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम सत्याचा प्रश्न घेऊं. कित्येक सज्जनांचें मत असें असतें कीं, छायाचित्राला हात लावणें हीच मुळीं लबाडी. कॅमेऱ्यानें टिपलें तेंच खरें. हें मत आदरणीय असलें तरी टिकणारें नाहीं. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश पडतो तेव्हां तेथें आंकडे नोंदले जातात. चित्र मागाहून तयार होतें. चौदा बिटांच्या ‘रॉ’ फाइलींत उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या नोंदवितां येतात. नेहमींच्या जेपेग फाइलींत प्रत्येक रंगाला २५६ च पायऱ्या मिळतात. मोठ्या मापांतून लहान मापांत उतरतांना काय ठेवावें व काय गाळावें, हें कोणाला तरी ठरवावें लागतें. आपण न ठरविलें तर कॅमेरा बनविणाऱ्यानें घालून दिलेला नियम ठरवितो. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स (१९०२–१९८४) यांनीं तरुणपणीं पियानोवादनाचा अभ्यास केला होता. निगेटिव्हला ते संगीताच्या स्वरलेखनाची, आणि कागदावर उतरविलेल्या चित्राला प्रत्यक्ष वादनाची उपमा देत. तेव्हां फेरफार करावा कीं न करावा, हा वाद येथेंच संपतो. फेरफार कोणत्या जातीचा आहे आणि तो उघड आहे कीं चोरटा, हा वाद मात्र उरतो.

‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकानें फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठीं गिझा येथील पिरॅमिड संगणकाच्या साह्यानें एकमेकांजवळ सरकविले. कारण आडवें चित्र उभ्या पानांत बसेना. कोणाचें अहित करण्याचा हेतु त्यांत नव्हता, तरीही त्यावर टीका झाली, आणि ती योग्यच होती. अंधारलेला चेहरा उजळल्यानें असलेलें दिसूं लागतें. पिरॅमिड हलविल्यानें नसलेलें असल्यासारखें होतें. याच्याही पुढची पायरी सोव्हिएत रशियांत दिसली. निकोलाय येझोव्ह हा स्टॅलिनच्या मर्जींतून उतरला व १९४० सालीं मृत्युदंडास गेला. त्या दोघांच्या कालव्याकांठच्या चित्रांतून त्याला पुसून टाकण्यांत आलें आणि त्याच्या जागीं नुसतें पाणी उरलें. त्या काळीं अशा कामाला कुशल कारागीर लागे. २०२३ सालापासून फोटोशॉपमध्यें शब्दांनीं आज्ञा दिली कीं नसलेली वस्तु चित्रांत भरतां येते. भांडून दूर झालेल्या दिराला लग्नाच्या चित्रांतून नाहींसें करणें, हें आतां कोणत्याही घरीं एका संध्याकाळीं होण्यासारखें आहे. जें सामर्थ्य एके काळीं राजसत्तेपाशीं होतें, तें आपल्या दिवाणखान्यांत आलें आहे. त्याबरोबर जबाबदारीही आली.

ही जबाबदारी कशी पाळावी, याचा एक दाखला आपल्या वाङ्मयांतच आहे. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें निरनिराळ्या प्रती ताडून पाहून ज्ञानेश्वरीची पाठशुद्धि केली. म्हणजे ग्रंथाला त्यांनीं हात लावला. पण तें केल्याचें स्वतः नमूद केलें, आणि पुढें कोणी त्यांत आपली ओंवी घुसडूं नये असें बजावून ठेवलें. मळ काढावा, भर घालूं नये, आणि केलें तें सांगावें, हा नियम छायाचित्रालाही पुरेसा आहे.

आतां हा नियम साधनांना लावून पाहूं. १९९० सालीं निघालेल्या फोटोशॉपच्या मूळ पद्धतींत चित्राचे बिंदूच बदलले जात, आणि त्याच नांवानें जतन केलें कीं पहिली प्रत नाहींशी होई. २००७ सालीं आलेलें लाइटरूम, किंवा विनामूल्य मिळणारें डार्कटेबल, यांची रीत वेगळी आहे. ‘येथें उजेड वाढवा, येथें कड कापा’ अशा आज्ञा तीं निराळ्या लिहून ठेवतात. मूळ छायाचित्र जसेंच्या तसें राहतें. एका बाजूस मूळ, दुसऱ्या बाजूस भाष्य. भाष्य चुकलें तर तें पुसतां येतें. सावध मनुष्य फोटोशॉपमध्येंही मूळ प्रत वेगळी राखूं शकतो, हें खरें. पण घाईच्या वेळीं माणसाच्या सावधपणावर विसंबण्यापेक्षां साधनाच्या स्वभावांतच ती सोय असणें बरें.

दुसरा प्रश्न स्मृतीचा. जुन्या चित्राच्या पाठीमागें शाईनें लिहिलेलें असे: कोण, कोठें, कोणत्या सालीं. तो मजकूर नसेल तर तिसऱ्या पिढीला आजोबांच्या शेजारीं बसलेली बाई परकीच. संगणक आतां सारख्या चेहऱ्यांचीं चित्रें आपोआप एकत्र करतो. पण ती आत्या कीं मावशी, हें कोणी सांगितल्यावांचून त्याला कळत नाहीं. हें सांगण्याचें काम माणसाचें आहे आणि त्याला वर्षें लागतात. इतके श्रम जेथें सांठवावयाचे, तें घर किती दिवस उभें राहील, हें पाहावयास नको काय?

ॲपल कंपनीनें २००५ सालीं काढलेल्या ॲपर्चरचा विकास थांबणार असल्याचें २०१४ मध्यें जाहीर झालें, व २०१५ मध्यें त्याची विक्री बंद झाली. गूगलनें २००४ मध्यें घेतलेलें पिकासा २०१६ मध्यें सोडून दिलें. कोणाचीं चित्रें यामुळें नष्ट झालीं नाहींत. परंतु ॲपर्चरमध्यें केलेलें संस्करण दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला समजत नसे. तिकडे जाणाराला तयार झालेली प्रत तेवढी नेतां येई, पुढची दुरुस्ती मात्र आरंभापासून करावी लागे. लाइटरूमची २०१५ ची सहावी आवृत्ति ही एकदांच पैसे देऊन घेतां येणारी शेवटची ठरली. आतां तेथें भाडेकरू म्हणून राहावें लागतें. भाडें थांबलें तरी आपल्या संगणकावरचीं चित्रें दिसतात व बाहेर नेतां येतात, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण संस्करणाचें दालन बंद होतें.

मग सर्वांनीं विनामूल्य साधनेंच वापरावीं काय? तसें माझें म्हणणें नाहीं. कारागिराला मोल देणें न्यायाचेंच आहे, आणि ज्याला लग्नाचीं दोन हजार चित्रें आठ दिवसांत द्यावयाचीं आहेत त्यानें वेगासाठीं पैसे मोजले तर त्यांत गैर कांहीं नाहीं. उलट, डिजिकॅमसारखें खुलें व विनामूल्य साधन घरांतल्या एकट्यालाच चालवितां येत असेल, तर त्याच्यामागें साऱ्या घराची स्मृति कुलुपांत राहील. माझा आग्रह बाहेर पडण्याच्या वाटेविषयीं आहे, आणि ती वाट उपलब्ध आहे. नांवें, तारखा व टिपणें चित्राच्या फाइलींतच, किंवा तिच्या शेजारच्या एका लहान फाइलींत, लिहिण्याची ‘एक्सएमपी’ नांवाची पद्धति २००१ पासून प्रचारांत आहे व अनेकांचीं साधनें ती वाचतात. डिजिकॅम तसें लिहूं शकतें. लाइटरूमलाही तशी आज्ञा देतां येते. संस्करणाच्या आज्ञा मात्र एका साधनाच्या दुसऱ्याला सहसा कळत नाहींत. म्हणून ज्या चित्रांवर श्रम घेतले, त्यांची एक तयार प्रत साध्या जेपेगमध्यें मूळाशेजारीं ठेवावी.

निवड करण्यापूर्वीं एक परीक्षा करून पाहावी. वीस चित्रें घ्यावीं, त्यांवर नांवें लिहावीं, चार-पांच सुधारावीं, आणि मग तीं दुसऱ्याच एखाद्या सॉफ्टवेअरमध्यें उघडावीं. नांवें उरलीं काय? मूळ जसेंच्या तसें आहे काय? काय बदललें तें ओळखतां येतें काय? जाहिरातींत न मिळणारीं उत्तरें एवढ्यानें मिळतील.

छायाचित्रांचे आपण मालक आहोंत असें आपल्याला वाटतें. परंतु त्यांत ज्यांचे चेहरे आहेत त्यांतले कित्येक आज बोलावयास उरले नाहींत, आणि ज्यांना तीं पाहावयाचीं आहेत त्यांतले कित्येक अजून जन्मावयाचे आहेत. या दोघांच्या मध्यें आपण केवळ विश्वस्त आहोंत. विश्वस्तानें ठेव पुसून-झाडून मांडावी. पण ती बदलूं नये, आणि हिशेबाची वही दुसऱ्याला वाचतां येईल अशा अक्षरांत लिहावी. या दोन अटी जें पाळूं देईल तें सॉफ्टवेअर घ्यावें; बाकीच्या गोष्टी दुकानदाराला विचारावयास हरकत नाहीं.