भुकेची ओळख



दुःख चार दिवसांचं असलं तर माणूस देवाचा धावा करतो. तेच वर्षानुवर्षं मुक्कामाला राहिलं, की धावा करायचंही त्राण उरत नाही. अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात.

१८७४च्या सुमारास, ऐन सोळाव्या वर्षी, दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. मग बहीण. १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. रमाबाईंची जुनी श्रद्धा मोडली. पुढे १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण देवाच्या प्रेमावर विश्वास बसला म्हणून त्यांचं दुःख थांबलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात पुन्हा दुष्काळ पडला. रमाबाई तिथे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावला त्यांच्यासाठी मुक्तिसदन उभं राहिलं. भूक त्यांना ओळखीची होती. त्या मुलींना देवाचं प्रेम भेटलं ते अन्नाच्या, छपराच्या आणि शाळेच्या रूपात, असं मी मानते.

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर तरीही पूर्ण केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

रमाबाई त्या मुलींकडे स्वतः गेल्या होत्या. तुमच्याही ओळखीत कुणी दीर्घ आजारात, दीर्घ एकटेपणात असेल, तर त्याला उपदेश करू नका. आज त्याच्या घरी जा, थोडा वेळ बसा.