‘चि.’ लिहिताना

मिरज

चि. सोन्यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेल दादाने छापून आणून दिला. मेंदूत चिप बसवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीची नोकरी घेऊ का, हा प्रश्न त्यात दीड ओळीचा. बाकी सगळं पान २०४५ साली माणूस यंत्रात मिसळून मरणातून कसा सुटणार, यावर. रे कर्झवाइलचं भाकीत ते, मलाही ठाऊक आहे. त्याचं पुस्तक २००५चं, त्याचा जन्म १९४८चा. म्हणजे तेव्हा तो सत्त्याण्णव वर्षांचा असेल. ज्योतिष्याने स्वतःच्या पत्रिकेला जुळेल असाच मुहूर्त काढावा, तसं वाटलं मला. असो.

वर ‘चि.’ लिहिताना मात्र हात थबकला. जन्मभर धाकट्यांना चिरंजीव लिहीत आले, कुणी ते खरं मानून बसलं नव्हतं. मग चांगदेव आठवला. योगबळाने काळाला चुकवत चौदाशे वर्षं जगलेला, आणि ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसल्यावर मायन्यापाशीच अडलेला. वयाने पोर म्हणून चिरंजीव लिहावं, की ज्ञानाने थोर म्हणून तीर्थरूप? शेवटी कोराच कागद पाठवला. त्यावर मुक्ताबाई काय म्हणाली, ते आजीने तुला सांगितलेलं आहे. पण कथा सांगून तुला गप्प बसवायचं नाही. मी अध्यात्मातली नव्हे. पेसमेकर तपासण्यात नोकरी काढलेली बाई आहे. मला बोलायचंय ते बॅटरीबद्दल.

यंत्रात मिसळलेली माणसं तुला २०४५ला दिसणार आहेत, मी ती दर मंगळवारी बघत होते. अशा माणसांतला जगातला पहिला स्वीडनचा आर्ने लार्सन. ८ ऑक्टोबर १९५८ला स्टॉकहोममध्ये सेनिंग नावाच्या सर्जनने त्याच्या शरीरात पेसमेकर बसवला. एल्मक्विस्ट या इंजिनिअरने तो बनवला होता, बूट पॉलिशच्या डबीचा साचा करून. काही तासांत तो बंद पडला. मग दुसरा, मग तिसरा, असे वीसच्या वर पेसमेकर त्याच्या वाट्याला आले. लार्सन शहाऐंशी वर्षांचा होऊन २००१ साली गेला, तो कॅन्सरने. तोवर एल्मक्विस्टही गेला होता, सेनिंगही. तुझ्यासारखा कुणी म्हणेल, बघा, यंत्राने जिंकलं! मी त्यात दुसरं बघते. एका माणसाचं हृदय चालू ठेवायला त्रेचाळीस वर्षं कितीजण राबले असतील? कुणी बॅटरी सुधारली, कुणी तारा, कुणी रात्री-अपरात्री ऑपरेशन थिएटर उघडलं.

पेसमेकर बसवला की पेशंटला एक कार्ड मिळतं. त्यावर मॉडेल, नंबर, तारीख. आठ-दहा वर्षांनी बॅटरी उतरते, की पुन्हा टेबलावर. तपासायला छातीवर वँड धरायचा आणि प्रोग्रॅमर लावायचा, तोही त्याच कंपनीचा. एकीचा पेसमेकर दुसरीच्या मशीनला वाचता येत नाही. दूरच्या गावाहून एसटीने आलेला म्हातारा दारात उभा, आणि त्याच्या कंपनीचा प्रोग्रॅमर घेऊन येणारा मुलगा कोल्हापुरात अडकलेला. तो म्हातारा संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहायचा. आपलंच हृदय, पण किल्ली दुसऱ्याकडे.

त्याहून वाईट तुला सांगते. आर्गस टू नावाचं यंत्र आंधळ्यांच्या डोळ्यातल्या पडद्यावर बसवायचे. साठ इलेक्ट्रोड, त्यांच्यामुळे उजेडाचे ठिपके दिसायचे. अमेरिकेत २०१३ला त्याला मंजुरी मिळाली, जगभरात साडेतीनशेच्या वर माणसांनी ते बसवून घेतलं. २०१९ला कंपनीने ते बनवणं थांबवलं, पुढच्या वर्षी ती बुडायच्या बेताला आली. डोळ्यात यंत्र तसंच, दुरुस्तीला मात्र कुणी नाही. एकदा आंधळं होऊन थोडं दिसायला लागलेल्या माणसाने पुन्हा आंधळं व्हायचं, तेही कंपनीच्या ताळेबंदामुळे! आणि तुला सर्वकाळ जगायचंय ते अशाच एखाद्या कंपनीच्या भरवशावर. पन्नास वर्षं टिकलेल्या कंपन्या बोटांवर मोज बघू.

आता नोकरीचं. घे. मी अडवणार नाही. मान मोडून खाटेला खिळलेला माणूस नुसत्या विचाराने बुद्धिबळाची सोंगटी हलवतो, हे २०२४ला न्यूरालिंकच्या पहिल्या पेशंटने करून दाखवलं. त्याच्या मेंदूतल्या बऱ्याच तारा काही आठवड्यांत मागे सरकल्या, हेही तितकंच खरं. अशा माणसांसाठी रात्रंदिवस खप. पण रुजू व्हायच्या आधी त्यांना एक विचार: कंपनी बंद पडली तर पेशंटच्या डोक्यातली तार कोण बघणार? यंत्राचे नकाशे, सॉफ्टवेअर दुसऱ्या कुणाच्या हाती देणार का? उत्तर द्यायला कचरले, तर तुझं काम तिथूनच सुरू होतं. आणि मेल्यावर देह गोठवून ठेवायची वर्गणी भरायचं जे लिहिलंयस, ते पैसे वहिनीच्या गुडघ्यांना लाव.

एक दृश्य मात्र सांगते, सहसा कुणी सांगत नाही. पेशंट गेला तरी पेसमेकर थांबत नाही. मॉनिटरवर त्याच्या उभ्या रेघा ठराविक वेगाने उमटत राहतात, हृदय मात्र त्यांना उत्तर देत नाही. नातेवाईक त्या रेघांकडे बोट दाखवून म्हणायचे, ‘मॅडम, चालू आहे की!’ मला त्यांना सांगावं लागायचं, चालू आहे ते यंत्र. मग पेसमेकर काढून घ्यायचा, कारण चितेत त्याचा स्फोट होतो. अमेरिकेत मृतांच्या छातीतून असे काढलेले पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईत होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये त्रेपन्न गरीब पेशंटना बसवले होते. २०११ला त्याचा वृत्तांत छापून आला. माणूस गेला, यंत्र दुसऱ्याच्या उपयोगी पडलं. तुझ्या त्या पानभर स्वप्नापेक्षा ही गोष्ट मला जास्त पटते.

दादाच्या पेसमेकरची बॅटरी अजून दीडेक वर्ष टिकेल. कार्ड देव्हाऱ्यातल्या डबीत आहे, कारण त्याला वाटतं तिथून हरवणार नाही. बदलायची वेळ आली की कळवीन, तेव्हा चार दिवस रजा काढून ये. तो सांगणार नाही, पण मागच्या वेळी टेबलावर जाताना तुझंच विचारत होता.

तुझी,
आत्या